दुसऱ्या खणातला स्विच

जवरीलाल शेठ जिवंत आहेत तोवर त्यांचं दुकान बंद होत नाही, असं मी नारायणगावात दहा जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं. माझं झेरॉक्स आणि पत्रिका छपाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, मधली भिंत एकच. बावीस वर्षं शेजार केल्यावर माणूस आपल्याला पुरता कळला असं वाटायला लागतं. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

शेठ मूळचे मारवाडातले, म्हणजे त्यांचे आजोबा तिकडून आले. शेठ स्वतः इथलेच. मराठी आमच्यासारखीच गावठी, फक्त चिडले की मारवाडीत बोलायचे. दुकान जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं. जीप, फियाट, अँबॅसिडर, मेटॅडोर. ज्या गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत, त्या सगळ्यांची पोटं या दुकानात खोक्यांत भरून ठेवलेली. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट. पाटीवरची अक्षरं पडत पडत नुसतं ‘ऑटो’ एवढंच राहिलं होतं, आणि त्यामुळे रिक्षा विचारायला येणारे लोक शेठना भारी ताप द्यायचे.

चावीचा स्विच ही त्यांची खासियत. जुन्या जीपचा स्विच झिजला की त्यात कोणाचीही चावी फिरायची. कपाटाची, पेटीच्या कुलपाची. ओतूरच्या एका ड्रायव्हरने तर नेलकटरने गाडी चालू करून दाखवली होती. कधी कधी चालत्या गाडीत चावी गळून पायाशी पडायची आणि गाडी आपली चालतच राहायची. असा स्विच घेऊन कोणी आलं की शेठ तो कानाशी धरायचे, चावी अर्धी फिरवायचे आणि आत काय झिजलंय ते सांगायचे. घोडेगावपासून आळेफाट्यापर्यंत हे ज्ञान त्यांच्याशिवाय कोणाकडे नव्हतं.

त्यांची आणखी एक सवय होती. दुकानात आलेल्या प्रत्येक खोक्यावर ते माल आल्याची तारीख पेन्सिलीने लिहायचे. शाई फुटते, पेन्सिल राहते, असं त्यांचं म्हणणं. “माल कधी आला हे ठाऊक नसंल तर ते दुकान न्हवं सुनील, भंगार हाय,” असं मला त्यांनी शंभर वेळा तरी ऐकवलं असेल.

मग गाड्या बदलल्या. नव्या गाडीला चावीच लागत नाही, बटण दाबलं की झालं. नंतर बायपास झाला आणि रस्त्यावरची रहदारी गावाबाहेरून जायला लागली. शेठ तरीही रोज सकाळी नऊला शटर वर करायचे, खोकी पुसायचे आणि बसायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी कस्तुरबाई गेल्या, त्यानंतर तर घरी जायचं कारणही उरलं नाही. मुलगा संयम पुण्याला नोकरीत, सून राखी चांगली मुलगी, रोज न चुकता फोनवर तोंड दाखवायची. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून शेठ पाच वाजताच डबा उघडायचे. एकट्या माणसाने भरदिवसा काउंटरवर डबा उघडून जेवावं, हे मला बघवायचं नाही. मी काहीतरी निमित्त काढून आत जायचो. ते म्हणायचे, “ये, खा.” मी खायचो नाही, ते आग्रह करायचे नाहीत. असं आमचं चालायचं.

शनिवार मात्र वेगळा. शनिवारी बाजाराला बोरी बुद्रुकहून गेणभाऊ यायचे. उंच, वाळके, डोक्याला टोपी, खांद्याला रिकामी पिशवी. दहाच्या सुमाराला ते शेठच्या दुकानात शिरायचे आणि काउंटरच्या बाजूला असलेल्या लोखंडी स्टुलावर बसायचे. स्टुलाशेजारी लाकडी खणांचं बुटकं कपाट होतं. गेणभाऊंचा उजवा कोपर त्या कपाटावर टेकला की समजायचं, आता चार वाजेपर्यंत हा माणूस हलत नाही. दोघं फार बोलायचेही नाहीत. एकजण रस्त्याकडे बघायचा, दुसरा त्याच्याकडे.

ते रस्त्याकडे का बघायचे हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. गेणभाऊंची स्वतःची जीप होती. बोरी ते नारायणगाव सिटा भरायचे. बॉनेटवर मुलीचं नाव रंगवलेलं, ‘रत्ना’. अठ्ठ्याऐंशी साली तिचा स्विच जळाला. शेठकडे आले, तर शेठ म्हणाले माल नाही, पुण्याहून मागवतो, मंगळवारी येईल. सिटा तर रोज भरायच्या. गेणभाऊंनी दोन वायरी जोडून गाडी डायरेक्ट केली. वायर वायरीला लावायची, स्टार्टरचं बटण दाबायचं, झाली चालू. आणि शनिवारी भर बाजारात, गेणभाऊ मिरच्यांचं वाण बघत असताना, कोणीतरी तेच केलं आणि गाडी घेऊन गेलं. तक्रार झाली, शोधाशोध झाली. गाडी मिळाली नाही.

त्यानंतर गेणभाऊ लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर झाले, मग डोळे अधू झाल्यावर द्राक्षाच्या बागेत राखणीला. पण शनिवारी शेठच्या दुकानात यायचं सोडलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या झाडून सगळ्या जीपा पार्टसाठी याच दुकानात यायच्या. चोरीची असली तरी गाडी कधी ना कधी बिघडणार, आणि बिघडली की इथे येणार. तेव्हा इथेच बसायचं. रंग बदलला असेल, नंबर बदलला असेल, पण इंजिनाचा आवाज आपण ओळखू, असं ते म्हणायचे. स्टूल शेठनीच दिलं होतं बसायला. पुढे जीपा यायच्या बंद झाल्या, बायको गोजरबाई वारली, रत्ना लग्न होऊन लोणीला गेली, बोरीच्या घरात एकटे उरले. तरी स्टूल तेच. गाडीची वाट बघायला यायचे की शेठकडे यायचे, हे मला वाटतं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेठच्या धर्मात वर्षातून एकदा, संवत्सरीला, सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. त्यांचं क्षमापनेचं कार्ड मी छापायचो. दरवर्षी तोच मजकूर: ‘गेल्या वर्षभरात जाणता-अजाणता आमच्याकडून आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.’ खाली नाव. दोनशे प्रती. नातेवाईक, व्यापारी, जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांना. मलाही एक, माझ्याच मशीनवर छापलेलं. गेणभाऊंना ते कार्ड हातात द्यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, “खमतखामणा, गेणभाऊ.” गेणभाऊ दरवर्षी संकोचून जायचे. “तुमचं काय चुकलंय शेठ? तुमी मला बसाया जागा दिली.” मी भिंतीपलीकडून ऐकायचो आणि मला वाटायचं, काय सोन्यासारखी माणसं आहेत.

गेल्या वर्षी श्रावणात संयम आला आणि बोलणं पक्कं करून गेला. दसऱ्याच्या आत दुकान रिकामं करायचं, शेठनी पुण्याला राहायला जायचं. शेठ वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. संयमने जाताना खण उघडून उघडून फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक असतात म्हणे, ते अशा मालासाठी जीव टाकतात.

खरंच एकजण आला. शनिवारीच आला. पुण्याचा गृहस्थ, चांगली मोठी गाडी, पायात पांढरे बूट. त्याच्याकडे अठ्ठेचाळीस सालची जीप होती आणि तिला मिळत नव्हता तो चावीचा स्विच त्याने फोटोत बघितला होता. मी मजा बघायला दारात उभा होतो. गेणभाऊ स्टुलावर होते.

“दुसऱ्या खणात आहे बघा, फोटोत तसं दिसतंय,” पाहुणा म्हणाला.

शेठ उठेनात. मग पाहुण्यानेच गेणभाऊंना “जरा कोपर काढता का, काका?” म्हणून खण ओढला. आत एकच खोकं होतं. त्याने ते उघडलं. स्विच कोरा करकरीत, पितळ अजून चमकत होतं, दोन चाव्या सुतळीने बांधलेल्या. पाहुण्याने चावी घालून फिरवली. असा स्वच्छ खट्‌ आवाज आला की गेणभाऊंनी मान वळवली.

“केव्हाचा हो हा?” पाहुण्याने विचारलं आणि खोकं उलटं करून बघायला लागला.

शेठनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, जवळजवळ हिसकावलंच. त्यांचा अंगठा खोक्याच्या एका कडेवर घट्ट दाबलेला मला दिसला. “इकायचा न्हाई,” ते म्हणाले. पाहुण्याने समजूत घातली, हात जोडले, शेवटी वैतागून निघून गेला. मीही मनात शेठना चार शिव्या घातल्या. दुकान मोडायला काढलंय आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताहेत. गेणभाऊंनी आपला कोपर पुन्हा कपाटावर टेकवला आणि म्हणाले, “ब्येस केलं शेठ. शहरातली माणसं, त्यांना काय कदर?”

सोमवारी सकाळी शेठ माझ्याकडे आले. हातात कागद होता. “सुनील, या वर्षी एक कार्ड जास्तीचं छाप. एकच प्रत. मजकूर येगळा हाय.”

मी वाचला. लिहिलं होतं की गेणभाऊ स्विच मागायला आले त्या दिवशी स्विच दुकानात होता. आदल्याच दिवशी आला होता. घोडेगावच्या एका बड्या बागाईतदाराने सांगून ठेवला होता, म्हणून आपण माल नाही म्हणालो. त्या बागाईतदाराने पुढे जीप विकली, तो न्यायला कधी आलाच नाही. त्याबद्दल क्षमा असावी.

मी दोनदा वाचलं. मला आधी राग आला. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाचा कोपर मला दिसायला लागला. छत्तीस वर्षं, त्याच कपाटावर.

“शेठ, आणि तुम्ही त्यांना तिथंच बसवलंत?”

“दुसरं काय करणार व्हतो?” ते माझ्या बाकड्यावर बसले. “पहिल्या शनिवारी आला, उन्हात उभा व्हता. मी म्हणलं बसा. मंग पुढच्या शनिवारी आला. सांगायचं व्हतं. पण मला वाटायचं, चोरानं झिजल्या स्विचमधूनबी नेलीच असती, कोणाचीबी चावी लागत व्हती तवा. असं मी मनाला सांगायचो. पण हा स्विच नवा व्हता सुनील. याला याचीच चावी लागती.”

“कस्तुरकाकूंना ठाऊक होतं?”

“तिला सांगितलं व्हतं. दर संवत्सरीला इचारायची, गेणभाऊंची माफी मागितली का? मी म्हणायचो, मागितली. कार्ड दिलं. तिला बरं वाटायचं.” ते माझ्या मशीनकडे बघत म्हणाले, “जाणता-अजाणता. त्यात सगळं येतं ना? मला खरंच वाटायचं, येतं म्हणून.”

मी म्हटलं, मग आता कशाला? तुम्ही महिन्याभरात जाणार. जाऊ द्या तसंच. ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “ती गेली. संयम पुण्यात. माझ्याकडं येणारा तेवढा एकच माणूस उरलाय. सांगितलं तर तोबी जाईल, म्हणून छत्तीस वर्षं गप बसलो. आता न सांगता गेलो तर मी कोणाजवळ बसत व्हतो म्हणायचं?”

कागद मी त्यांच्या हातात परत ठेवला. म्हटलं, “हे छापायचं नसतं, शेठ. दोनशे कार्डं छापलीत म्हणून तर इथवर आलात. हे तोंडानं सांगायचं.” बोलून गेलो आणि मलाच कसंतरी झालं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस. पण ते उठले आणि कागद खिशात घालून गेले.

संवत्सरी झाली. शेठनी उपास केला. त्या वर्षी कार्डं छापलीच नाहीत. नंतरच्या शनिवारी बाजारात गणपतीची गर्दी होती. गेणभाऊ आले, स्टुलावर बसले. मी माझं मशीन बंद केलं. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सगळं ऐकलं.

शेठनी हात जोडून खमतखामणा केला नाही. त्यांनी दुसरा खण ओढला आणि खोकं गेणभाऊंच्या मांडीवर ठेवलं. “तारीख वाचा,” ते म्हणाले.

गेणभाऊंनी खोकं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. पेन्सिल राहिली होती. मग शेठनी सांगितलं. एका दमात, कागदावर लिहिलं होतं तसंच.

बाहेर ढोलवाले सराव करत होते. गेणभाऊंनी एवढंच विचारलं, “हितंच व्हता?”

“हितंच.”

“ह्याच खणात?”

“ह्याच.”

गेणभाऊंनी आपला उजवा कोपर हाताने चोळला. खोकं काउंटरवर ठेवलं, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. बाजारही केला नाही. मी त्यांना एसटी स्टँडकडे जाताना बघितलं, रिकामी पिशवी तशीच खांद्यावर.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दोन शनिवारीही नाही. शेठ दहा वाजले की स्टूल पुसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. एकदा मी म्हटलं, बोरीला जाऊन येऊ का? ते म्हणाले, “नको. बोलवायचं कोणत्या तोंडानं?” पाच वाजता डबा उघडून त्यांनी दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं.

दसऱ्याआधीच्या शुक्रवारी संयमने टेम्पो आणला. बराचसा माल भंगारात गेला, थोडा हौशी लोकांनी नेला. कपाट, काउंटर, स्टूल सगळं गेलं. शनिवारी सकाळी शेठ रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, संयम दुपारी न्यायला येणार होता. हातात ते खोकं. पाहुण्याचे तीन फोन येऊन गेले होते, त्यांनी उचलले नव्हते.

दहाच्या सुमाराला गेणभाऊ आले. पायरीपाशी थांबून त्यांनी आत बघितलं. नुसत्या भिंती, त्यावर खोक्यांच्या थप्प्यांचे चौकोनी डाग.

“टूल कुठाय?”

“भंगारात गेलं.”

गेणभाऊ शेठपासून हातभर अंतर सोडून पायरीवर बसले. रस्त्याकडे बघत म्हणाले, “मी माफ केल्यालं न्हाय.”

“बरं.”

“करणार बी न्हाय. लई वंगाळ केलंत तुमी.” त्यांचा आवाज चढला. मी कधी चढलेला ऐकला नव्हता. “गाडी गेली, ते गेलं. पर मी हितं बसून दर शनिवारी तुमाला म्हणायचो, शेठ, तुमी हायेत म्हणून बरं हाय. आन् तुमी ऐकून घ्यायचे!”

शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. त्यांनी खोकं पुढे केलं. गेणभाऊंनी ते घेतलं, उघडलं, चावी फिरवली. खट्‌. परत फिरवली. मग खोकं पिशवीत टाकलं.

“आज जाणार पुण्याला?”

“व्हय. संयम येतोय.”

“मंग मी शनिवारी कुठं जायचं?” गेणभाऊ म्हणाले, आणि खरा संताप तिथे होता. “तीन शनिवार घरात बसून काढले. भिताडाकडं बघत. घरात बसवत न्हाय, आन् हितं यावं तर तुमचं तोंड बघवत न्हाय. आता तेबी न्हाय म्हणता?”

मला राहवलं नाही. मी माझ्या दुकानातलं बाकडं उचलून बाहेर आणलं आणि माझ्या दारात टाकलं. म्हटलं, बाकडं इथंच राहील. कोणी यायचं ते या.

मला वाटलं बोलायच्या गोष्टी. पण पुढच्या शनिवारी साडेदहाला शेठ दारात हजर. ‘पंच्याहत्तरी झालीय, एसटीला तिकीट लागत न्हाई,’ असं मलाच सुनावत बसले. राखीने डबा दिला होता. गेणभाऊ आधीच येऊन बसले होते. दोघांच्या मधे हातभर जागा आणि त्यात गेणभाऊंची पिशवी. तीन वाजेपर्यंत दोघं मिळून दहा वाक्यं बोलले नसतील. तेव्हापासून एकही शनिवार चुकलेला नाही. शेठ सहा तास प्रवासात आणि वाट बघण्यात घालवतात, संयम वैतागतो, मला फोन करतो. मी काय सांगणार? पुण्यात सातव्या मजल्यावर शेठना कोणीच विचारायला येत नाही, आत काय झिजलंय म्हणून.

यंदाची संवत्सरी झाली, तिच्या नंतरच्या शनिवारी शेठ नवा सदरा घालून आले. बसायच्या आधी गेणभाऊंच्या समोर उभे राहिले आणि हात जोडले. “गेणभाऊ, मी स्विच असून न्हाई म्हणलो. त्याची माफी मागतो.”

गेणभाऊंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग बाकड्यावरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

“आज न्हाय,” ते म्हणाले. “फुडल्या शनिवारी इचारा.” आणि शेठ बसायच्या आतच, जरा घाईने, “याल न्हवं?”